आबांच्या बंदुकीची बॅटरी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लहानपणी पोरं भुताला भितात. मी लग्न होऊन सासरी आले आणि सासऱ्यांच्या बंदुकीला भ्यायला लागले. ती भीती खोटी नव्हती, एवढंच माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे.

मी धुळ्याच्या देवपुरात वाढले. पिंपळनेरच्या पुढे डोंगराच्या अंगाला असलेल्या एका खेड्यात मला दिलं तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. सासऱ्यांना सारा गाव आबा म्हणायचा. त्यांच्याकडे पीक राखण्याच्या परवान्यावरची एकनळी बंदूक होती आणि त्यांच्या नेमाच्या गोष्टी पंचक्रोशीत सांगितल्या जायच्या. बंदूक मागच्या खोलीत खुंटीला टांगलेली असे. झाडताना त्या भिंतीपासून हातभर अंतर ठेवूनच माझी केरसुणी फिरायची. सासूबाई म्हणायच्या, "देवपूरनी सून, केर बी घाबरी काढस."

दुसऱ्या वर्षी राखणीला गेलेल्या माझ्या नवऱ्याला रानडुकराने पाडलं. मांडी फाडली, हाड मोडलं. साक्रीहून पाय प्लास्टरमध्ये घालून त्याला घरी आणलं आणि त्याच सुमाराला गावातली सगळी मजूर माणसं ऊसतोडीला गुजरातकडे निघून गेली. संक्रांत झाली, भुईमूग पेरला. डुकरं यायची आणि पेरलेलं बी ओळीनं उकरून खायची, जणू काही आम्ही त्यांच्यासाठीच पंगत मांडली होती. आबा म्हणाले, राखण मी करतो. पण बंदूक धरायची तर बॅटरी दुसऱ्या कुणीतरी धरायला हवी. सासूबाई नवऱ्याच्या उशाशी. उरले मी.

बॅटरी निवडायला आबा मला धुळ्याला घेऊन गेले. ती धरणार मी, तेव्हा माझ्या हाताला पेलते का ते बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुकान बोळात होतं, आत दिवसाही दिवा लावावा लागे. दुकानदाराने तीन सेलची दाखवली, पाच सेलची दाखवली, मोटरसायकलच्या बॅटरीवर चालणारा एक मोठा दिवा दाखवला. प्रत्येक वेळी तो समोरच्या काळोख्या माडीवर प्रकाशाचा गोळा टाकायचा आणि आबा मान हलवायचे.

"उजेड कमी शे."

दुकानदाराने सेल बदलले. आबा म्हणाले, "हाई बी मिणमिणी शे." मग त्याने एक जुनी दुर्बीण काढली. आबांनी ती डोळ्याला लावली आणि लगेच परत दिली. काच धुरकट आहे म्हणाले. दुकानदाराने फडक्याने काच पुसली आणि सहज माझ्या हातात दिली. मी बोळाच्या तोंडाकडे बघितलं. पलीकडच्या रस्त्यावर एक न्हावी गिऱ्हाइकाची दाढी करत होता, आणि गालावरचा फेस मला दिसत होता. काच आरशासारखी स्वच्छ होती.

दुकानात बसलेले एक निवृत्त सुभेदार तेवढ्यात आबांना सांगायला लागले, की आता फौजेत असली यंत्रं येणार आहेत, ज्यांतून काळोखात अंगाची ऊब दिसते. अंतर किती तेसुद्धा यंत्रच सांगतं. आबा हसले. "आमना दगडच बरा शेतस," म्हणाले. मी मात्र मनात म्हणत होते, आता बोल. म्हण, आबा, काच धुरकट नाही. पण सासऱ्यांपुढे डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून उभी राहणारी मी, त्यांना परक्या माणसांसमोर म्हणणार, की तुमचे डोळे गेले? मी दुर्बीण दुकानदाराला परत दिली. आम्ही पाच सेलची बॅटरी घेतली आणि दुपारच्या एस.टी.ने परत आलो.

दगडांचं असं होतं. माचाणापासून बांधापर्यंत आबांनी दर दहा पावलांवर चुना फासलेला एक दगड ठेवला होता. असे पाच दगड. पाचव्यानंतर बांध आणि बांधापलीकडे शेजारच्या नानांचं शेत. जनावर कितव्या दगडापाशी आहे ते बघायचं, चौथ्याच्या आत असेल तर बार टाकायचा. दुसरा नियम डोळ्यांचा. गाय, बैल, कुत्रं, कोल्हं, उजेड पडला की यांचे डोळे चमकतात. डुकराचे चमकत नाहीत म्हटलं तरी चालेल. चमकले तर बंदूक खाली. नाही चमकले तर डुक्कर. आबांच्या वडिलांपासून हा नियम चालत आला होता आणि त्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

पहिल्या रात्री माचाणावर बसलो तेव्हा मला वाटलं, आबा स्वतः बघतील आणि मी फक्त उजेड धरीन. तसं झालं नाही. शेतात काहीतरी काळं हललं, मी बॅटरी लावली, आणि आबांनी हळूच विचारलं, "कितला दगड?"

"तिसरा."

"डोया चमकतस का?"

"नाही."

आबांनी उजेडाच्या रोखाने बार टाकला. माझ्या कानांत शिट्टी वाजत राहिली. सकाळी जाऊन बघितलं तर माती उकरलेली होती, डुक्कर नव्हतं. आबा म्हणाले, नेम चुकला, वय झालं. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा मी 'नाही' म्हणाले, पुन्हा बार, सकाळी पुन्हा काही नाही.

दुसऱ्या बारानंतरची गोष्ट. पहाटे घरी आले तर नवरा कण्हत होता. वीज गेलेली. गोळी द्यायला मी तीच बॅटरी त्याच्या तोंडावर धरली. तो टक्क जागा होता, माझ्याकडे बघत होता. त्याचे डोळे चमकले नाहीत.

मी बॅटरी जरा हलवली. पुन्हा धरली. तो वैतागला, "काय करतेस?" म्हणाला. माणसाचे डोळे चमकत नाहीत. एवढी साधी गोष्ट, आणि पिढ्यान् पिढ्या या घरात कुणाच्या ध्यानात आली नव्हती, कारण बंदूक धरणाऱ्याला तोवर स्वतःला दिसत होतं. नियम नुसता वरचा आधार होता. आता नियमच उरला होता. मी नवऱ्याला म्हणाले, "आबांना चष्मा लागला असेल का हो?" तो हसला. म्हणाला, "आबांना? तू आता त्यांचा नेम तपासणार का?" मी गोळी दिली आणि पाणी दिलं.

आणि त्यानंतर तिसऱ्या वेळीसुद्धा मी 'नाही' म्हणाले. हे मला लिहायलाच हवं. त्या वेळी मी आधी नीट बघितलं, डुकराची पाठ ओळखली, मगच बोलले, अशी मी माझी समजूत घालत आले आहे. पण खरं सांगायचं तर मी घाबरून डोळे अर्धवट मिटले होते.

चौथ्या वेळची रात्र. त्या आठवड्यात शेतीपंपांच्या विजेची पाळी बदलून रात्रीची झाली होती, हे आम्हाला ठाऊक होतं, पण आबांनी ते मनावर घेतलं नव्हतं. थंडी मरणाची. मध्यरात्र उलटून गेल्यावर शेतात सळसळ झाली. मी बॅटरी लावली. चौथ्या दगडाच्या अलीकडे एक काळं, वाकलेलं, पाठमोरं काहीतरी माती उकरत होतं.

"कितला दगड?"

"चौथा. अलीकडे."

"डोया चमकतस का?"

डोळे चमकत नव्हते, डोळे दिसतच नव्हते. काळ्या लोकरीसारखं अंग खाली-वर होत होतं. उजेड पडूनही ते पळत नव्हतं. डुक्कर उजेडात थांबतं का? मला आठवेना, मागच्या वेळी थांबलं होतं का? आबांनी घोडा मागे ओढला, तो कट्ट असा आवाज मी अजूनही झोपेत ऐकते.

"सूनबाई, बोल. चमकतस का?"

मी बॅटरी मालवली.

"दिवा लाव!" आबा ओरडले. मी लावला नाही. बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी दाबून धरली. आबांचा श्वास जोरात चालला होता. माझ्यावर हात उचलतील असं वाटलं. पण तेवढ्यात शेतातून आवाज आला, अगदी रोजच्यासारखा, शेजारच्या नानांचा.

"आबा, बत्ती काबर मालवी हो? माले चांगलं दिखत व्हतं नं!"

मोटर चालू करून नाना आपल्या शेताला पाणी देत होते. बांध फुटला, पाणी आमच्या भुईमुगात शिरलं. शेजाऱ्याचं बी वाहून जाऊ नये म्हणून घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन ते आमच्या शेतात आले आणि फावड्याने माती ओढून पाणी वळवत होते. आम्ही उजेड धरला, तो त्यांच्या मदतीसाठीच धरला असं त्यांना वाटलं. म्हणून ते पळाले नाहीत. उजेडाकडे पाठ करून निवांत काम करत राहिले.

आबांनी हळूहळू घोडा खाली बसवला. बंदूक मधून उघडून काडतूस काढलं. ते त्यांच्या बोटांतून निसटलं आणि माचाणाच्या फळ्यांमधून खाली पडलं. "चालू द्या, नाना," असं त्यांनी ओरडून सांगितलं आणि मला म्हणाले, दिवा लाव, नानांना दिसू दे. मी लावला. नानांचं काम होईपर्यंत मी तो धरून बसले होते. नाना गेले, तेव्हा आबा म्हणाले, मला दोन वर्षांपासून दगड दिसत नाहीत. मोतीबिंदू पिकला नाही म्हणून डॉक्टर हात लावत नाहीत.

मी म्हणाले, "मला माहीत होतं."

"कव्हयपाशी?"

"धुळ्याच्या दुकानापासून."

आबा चिडतील असं मला वाटलं. ते चिडले नाहीत. मायेनेच म्हणाले, "मंग त्या तीन बार तू बी मारात, बेटा."