रत्ना मॅडमनी दुरुस्त केलेली ओळ

पुढच्या मार्चअखेर मी निवृत्त होतोय. ज्यांचे आभार मानायचे राहिलेत, त्यांत रत्ना गवारी पहिल्या.

१९९९ साली त्या ओतूरजवळच्या आमच्या कॉलेजात संगणक शिकवायला आल्या. माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात, भातशेतीचं घर. नेमणूक तात्पुरती. मी कार्यालयात मुख्य लिपिक. शिक्षण बी.कॉम., तरी संध्याकाळी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून सी प्लस प्लस ही संगणकाची भाषा शिकलो.

प्राचार्यांनी अट घातली होती की, वसतिगृहाची यादी संगणकावर बिनचूक निघाली तरच मॅडमचं पद राहील. मॅडमनी ‘विद्यार्थी’ हा मूळ क्लास, म्हणजे नोंदीचा साचा, लिहिला होता. त्यावर उभा राहणारा ‘वसतिगृहातला विद्यार्थी’ हा क्लास मी लिहायला मागून घेतला. नाव आणि नंबर मूळ क्लासमध्ये आहेतच, ते आपोआप येतील, असं धरून मी माझ्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे साच्यातून नवी नोंद तयार करणाऱ्या भागात, फक्त खोली क्रमांक भरला.

यादी निघाली. त्रेचाळीस खोल्या, नावांचा रकाना कोरा.

प्राचार्यांनी विचारलं, “वसतिगृहात भुतं राहतात का?”

मॅडमनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. “माझ्याकडून राहिलं, सर. दहा मिनिटं द्या.”

संगणकापाशी बसल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊसाहेब, आमच्याकडं भाताच्या रोपासाठी आधी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात. त्याला राब म्हणतात. मग बी पेरायचं, रोप आलं की खाचरात लावायचं. मूळ क्लासचा कन्स्ट्रक्टर नेहमी आधीच चालतो. तुमचा राब भाजला गेला, पण बी कुठलं ते तुमी सांगितलंच न्हाई. मग त्यानं रिकामंच सोडलं.”

त्यांनी माझ्या कन्स्ट्रक्टरच्या पहिल्याच ओळीत दुरुस्ती करून नाव आणि नंबर मूळ कन्स्ट्रक्टरकडे पाठवले. यादी पुन्हा निघाली. चिमाजी, भागू, गेणभाऊ, सगळे आपापल्या खोलीत होते.

मी ती यादी घेऊन प्राचार्यांकडे गेलो आणि चूक माझी होती, मॅडमची नव्हे, हे सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही चुकलात? मग याची नोंद ठेवायला हवी.” पण हसले, आणि मॅडमच्या पदाच्या अर्जावर सही केली.

मॅडमच्या नेमणुकीचं पत्र मीच टाइप केलं. प्राचार्यांच्या सहीला पाठवण्याआधी तीनदा वाचलं.