उरलेलं बघणारी

डब्याचं झाकण निघालं की ही आधी आत बघायची, मग वास घ्यायची, आणि मग म्हणायची, “तोंड खोटं बोलस, डबा नही.”

‘ही’ म्हणजे माझी बायको. नाव लिहीत नाही. आमच्याकडे खानदेशात बायकोचं नाव घेत नाहीत. बेचाळीस वर्षं घेतलं नाही, आता घेऊन ओ कोण देणार?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. शनिवारची दुपार होती. सुरतेत, बमरोलीतल्या आमच्या खोलीमागे मोरीवर मी पाटावर बसून झाकणं उघडत होतो, ही बघत होती. अंगावर ठेवणीतली साडी तशीच, गळ्यात निळ्या पट्टीचा बिल्ला तसाच. संमेलनातून येऊन अर्धा ताससुद्धा झाला नव्हता. सून म्हणाली, “आई, साडी तरी बदला.” तर ही म्हणते, “डबा सुकी जातीन, मंग घासाले तू येशी का?”

एका डब्यात भाकरी संपली होती आणि भाजी जशीच्या तशी. ही म्हणाली, “याचं कोणाशी तरी वाजलं आज. कोरडीच गिळली.” मी हसलो. इतकंच.

संमेलन कसलं ते सांगतो. पण आधी मेस सांगावी लागेल, नाहीतर तुम्हाला काही कळणार नाही.

मी लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, कारीगर. चौथी शिकलो आणि सुरतेत आलो. लूमच्या खडखडाटानं कान गेले, म्हणून बोलतो ते ओरडल्यासारखं वाटतं. तुम्हीही वाचताना तसंच समजा. माझे हात थरथरायला लागले तेव्हा हिनं मेस काढली. जेवणारी आमच्याच भागातली, बायकापोरं गावी ठेवून लूमवर आलेली माणसं. सकाळी ही आणि सून स्वयंपाक करायच्या, मुलगा खात्याखात्यावर, म्हणजे लूमच्या कारखान्यांवर, डबे टाकून यायचा, दुपारी रिकामे डबे परत. चौतीस डबे.

दुसऱ्या मेसवाल्या परत आलेला डबा झटकतात आणि घासतात. ही झटकायच्या आधी बघायची. एक जण रोज भाकरीचे काठ ठेवायचा. हिनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी त्याच्या डब्यात वरणात कुस्करलेली भाकरी गेली. वर चिठ्ठी, सुनेच्या अक्षरात : ‘दाढ दाखवून घे. गुटखा बंद कर, नाहीतर उद्यापासून लापशी.’ तो संध्याकाळी गाल धरून दारात उभा. “काकी, तुमले कोनी सांगं?” ही म्हणाली, “तुना काठेसनी.”

आणखी एकाचा डबा चकचकीत धुऊन यायचा. मी म्हटलं, बघ, याला म्हणतात माणूस. ही म्हणाली, “मेसचा डबा कोणी धुतं का? हा लपवतोय.” मुलाला पाठवलं तर खरंच, तो जेवण कुत्र्यांना घालत होता. कावीळ झाली होती. सांगितलं तर शेठ लूम दुसऱ्याला देईल, म्हणून गप्प होता. हिनं त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि परत येऊन शेठशी अशी भांडली, की दीड महिन्यानं त्याला त्याचंच लूम मिळालं.

हे सगळं सून मोबाइलवर लिहायला लागली. तिला वाटलं, वाया कशाला घालवायचं. त्याला ब्लॉग म्हणतात हे मला नंतर कळलं. आज काय केलं, कोणाचं काय उरलं, का उरलं, उद्या काय करणार. नाव कोणाचं नाही. पण गावाकडच्या बायका वाचायच्या. शिरपूर, साक्री, अमळनेर. नवरा फोनवर ‘मी मजेत’ म्हणतो, आणि ही बाई डब्याचं खरं सांगते! निरोप यायचे : ‘काकी, कारलं ठेवणारा तो माझाच का?’ ही सुनेला सांगायची, “लिख, आता कारलं खास तो. पण मी सांगं म्हनी बोलू नको त्याले.”

मला ते पटायचं नाही. एकदा चारचौघांत बोललो, “लोकांचं उष्टं जगाला दाखवतेस. लाज नाही?” तिनं हातातलं पीठ झाडलं. “तुम्ही कापडाचा ताका पाहायचे ना उजेडात धरून, कुठं धागा तुटला म्हणून? तेव्हा लाज वाटायची का?” मी लूमवाला, मला हे कोणी शिकवायला नको होतं.

तर त्या सुनेच्या मोबाइलवर एक दिवस निमंत्रण आलं. निरोगी राहणीवर ब्लॉग लिहिणाऱ्यांचं संमेलन, वेसूकडच्या एका मोठ्या हॉलात. हिनं दहा मिनिटं बोलायचं. मी म्हणालो, “तिथं तुझी अहिराणी कोण ऐकणार?” ती म्हणाली, “न ऐकोत. मी तर त्यासनं ऐकसू.” पण त्या आठवड्यात मी तिला मोरीवर भांड्यांशी बोलताना पकडलं. तयारी चालली होती. दोन वाक्यं बोलायची, थांबायची, पुन्हा पहिल्यापासून.

सून घरी डब्यांना थांबली. आम्ही दोघं बसनं गेलो. ही पहाटे सगळा स्वयंपाक उरकून आलेली, आणि मांडीवर पिशवी घट्ट धरून बसलेली. पिशवीत काय ते सांगेना.

हॉलात गार हवा. सगळे पळायच्या बुटांत. पोरींच्या हातात काठीला लावलेले मोबाइल. दारातच एकानं हिरवा रस दिला. मी प्यालो आणि मोठ्यानं म्हणालो, “हे तर म्हशीच्या आंबोणासारखं लागतं!” चार जणांनी वळून पाहिलं. हिनं कोपर मारलं. पण ती पण हसत होती, पदर तोंडाशी धरून. टेबलावर ज्वारीचे छोटे पुडे मांडलेले, ‘विसरलेलं धान्य’ असं लिहून. ही वाचून म्हणाली, “कोन इसरनं?”

एक गृहस्थ घास बत्तीस वेळा चावा म्हणून सांगत होते. माझ्या मनात आलं, खात्यात अर्ध्या तासाची सुट्टी असते बाबा, त्यात हात धुणं आलं, बिडी आली. पण लोक लिहून घेत होते. वाईट माणसं नव्हती ती. हिला खुर्ची दिली, पाणी दिलं, मासी मासी म्हणून, म्हणजे मावशी म्हणून, बोलत होती.

मग हिला बोलावलं. हिनं पिशवीतून डबा काढला. आदल्या दुपारचा, न घासलेला! तो टेबलावर ठेवून तिनं झाकण उघडलं. पुढच्या रांगेतल्या पोरींनी नाकाला रुमाल लावले. संमेलनवाली बाई घाबरून पुढं आली, हे काय आणलंत म्हणून, “मासी, आ शुं लाव्या?”

“शाळा. मी याच्यातच शिकनू,” ही म्हणाली.

आणि मग ही बोलली. थोडं हिंदी, थोडं अहिराणी, जिथं अडलं तिथं हात. डबा तिरका धरून दाखवला. इथं भात एका बाजूनं खाल्लाय, म्हणजे याचा उजवा हात दुखतो, डाव्यानं जेवला. इथं मिरची वेचून बाजूला काढलीय, म्हणजे पोटात आग आहे आणि हा सांगत नाही. शेवटी म्हणाली, “तुम्ही सगळे काय खावं ते फार छान सांगता. माणसानं खाल्लं का, ते कोण बघतं?”

टाळ्या वाजल्या. मला कमी ऐकू येतं, पण त्या ऐकू आल्या. मी पण वाजवल्या, आणि शेजारच्याला सांगितलं, “माझी बायको आहे.”

एका पोरीनं हात वर केला. “आंटी, आप खुद क्या खाती हैं?”

ही हसली. “जे उरस ते.”

सगळा हॉल हसला. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

मग जेवण. गोल टेबलं होती, हातात ताट घेऊन वाढून घ्यायचं आणि बसायचं. ही माझ्या समोर बसली. तुम्हाला ही गोष्ट साधी वाटेल. पण आमच्या घरात पुरुष आधी जेवतात, मग पोरं, आणि बाया सगळ्यात शेवटी, आत, भांड्यांच्या आडोशाला. लग्नातसुद्धा पंगती वेगळ्या. बेचाळीस वर्षांत हिला जेवताना मी समोरून पाहिलंच नव्हतं. नवीन बाई बघावी तसा मी बघायला लागलो.

तिनं पोळीचा तुकडा मोडला, भाजीत फिरवला, ठेवला. पुन्हा मोडला. एक घास तोंडात घातला आणि पाणी प्याली. दुसऱ्याला पुन्हा पाणी, आणि हाताची मूठ छातीवर दाबून धरली. उरलेले तुकडे कागदी रुमालात कधी गेले ते दिसलंसुद्धा नाही. इतका सराईत हात. पाच मिनिटांत ताट जेवल्यासारखं दिसायला लागलं.

मी खेकसलो, “अन्न टाकतेस?”

“गोड शे. नही जात.”

भाजी गोड नव्हती. मी खाल्ली होती. आणि माझ्या ध्यानात आलं, की एवढ्या वर्षांत मी शेकडो झाकणं हिच्यापुढं उघडली, थोडंफार शिकलोच असेन. मी विचारलं, “कधीपासून?”

“दिवाळीपासून व्हई.”

“सांगितलं नाहीस?”

“तुम्ही इचारं कव्हय?”

विचारलंत कधी, हे रागानं नाही म्हणाली. तुम्ही मीठ आणलं का, असं विचारावं तसं. मी म्हणालो, चल, इथून सरळ दवाखान्यात. ती म्हणाली, “आज शनिवार, दुपारी कोन भेटस? उद्या पोरेसले भरीत-पुरी सांगेल शे. सोमवारी जाऊत.”

मी हो म्हणालो. ते हो मी म्हणालो. दुसऱ्या कोणी नाही.

डबे बघून झाले, घासून झाले. साडेतीन वाजले असतील. ही भिंतीला टेकली, म्हणाली, जरा बसते. मी मोरीवर पाणी टाकत होतो. पाणी टाकून वळलो तर मान कलली होती. मुलानं रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. येण्याआधीच संपलं होतं. बिल्ला त्यांनीच काढून माझ्या हातात दिला.

तिच्या माहेरचं आता कोणी उरलं नव्हतं, वाट बघायची नव्हती. तापीकाठी अंधाराच्या आत सगळं झालं. चौतीसच्या चौतीस आले होते. कितींनी पाळी सोडली ते मला माहीत नाही. कावीळवाल्यानं खांदा सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यात चूल पेटली नाही. मयताच्या घरात पेटवत नाहीत. शेजारणीनं पिठलं-भाकरी पाठवली. मेसच्या चार पोरांनी मिळून कुठूनतरी खिचडी करून आणली होती, खाली लागलेली. सुनेनं डोक्यावर पदर घेऊन दोन ताटं वाढली, एक मला, एक मुलाला. आणि आत जाऊन उंबऱ्याआड उभी राहिली, आमचं होण्याची वाट बघत.

मी ताट हातात घेतलं, उठलो आणि तिच्यासमोर नेऊन ठेवलं.

“बस.”

“आबा, तुम्ही आधी...”

“बस म्हटलं ना.” आवाज मोठा झाला असेल. मुलगा घास हातात धरून बघत राहिला. “इथं. माझ्यासमोर.”

ती बसली. डोळे सुजलेले. ताटाला हात लावेना. मी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि तिच्या हातात दिली. तिनं घास तोंडात घातला. दुसरा तिचा तिनं मोडला.

“जातो का?” मी विचारलं.

ती हो म्हणाली, रडत रडत. मी गुडघे मुडपून तिथंच खाली बसलो, आणि तिचं ताट होईपर्यंत हललो नाही.