सातवं पीस

बुर्ज हम्मूदच्या आमच्या आर्मेनियन गल्लीत बारुयरचं दुकान नाकानेच सापडतं. मेथी-लसणाचा लेप लावून वाळवलेलं मांस, म्हणजे बस्तुरमा, तो चाळीस वर्षं कापतो आहे. असा माणूस ईस्टरआधीच्या उपासाला सात आठवडे मांस, दूध, अंडं सोडणार, हा गल्लीतला जुना विनोद. दरवर्षी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गडी ढेपाळायचा आणि बायकोला सांगायचा, "हायगानुश, पुढच्या वर्षी बघ."

आमच्यातल्या रीतीप्रमाणे हायगानुश एका कांद्यात कोंबडीची सात पिसं खोचून तो छताला टांगायची आणि दर शनिवारी एक पीस उपटायची. नवऱ्याचा उपास मोडलेला असला तरी उपटायचीच. सातवं पीस ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी ती त्याच्या ताटाशेजारी ठेवायची. तो ते टोमणा समजायचा. खरं सांगायचं तर मीही.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर ती गेली. फेब्रुवारीत बारुयरने स्वतःच दुकानात कांदा टांगला.

"भाऊ, खरंच?" मी विचारलं. माझं शिलाईचं दुकान त्याला लागूनच आहे.

"चाळीस वर्षं थापा मारल्या तिला, अशखेनताई. एकदा तरी खरं करायचंय."

दुपारी तो मसुराचा डबा घेऊन माझ्याकडे येऊ लागला, कारण स्वतःच्या दुकानात त्या वासाने घास उतरत नव्हता. मी म्हणायचे, "तुमचा चेहरा बघून मसूरसुद्धा रडतील." तो डबा संपवायचा. चार शनिवार गेले, चार पिसं गेली. विनोद हुकल्याने आमची गल्ली थोडी हिरमुसली.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, एक गिऱ्हाईक पातळ काप मागत होतं. कडेचा वाकडा तुकडा गिऱ्हाइकाला देत नाहीत, कापणारा तो तोंडात टाकतो. बारुयरच्या हाताने तेच केलं. गिळल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो सुरी हातात घेऊनच माझ्याकडे आला.

"मोडला."

"किती खाल्लंत?"

"बोटभर."

"बोटभराचं काय एवढं?"

"दरवर्षी बोटभरच असतं, ताई. मग वाटतं, मोडलाच आहे तर पोटभर तरी खाऊ. संध्याकाळी अंडी फोडतो, वर बस्तुरमा."

त्याने लवकर दुकान बंद केलं. मला वाईट वाटलं. यंदा मी त्याच्या बाजूने होते.

शनिवारी बघते तर हा स्टुलावर चढलेला. कांद्याला हिरवा कोंब फुटला होता. त्याने पाचवं पीस उपटलं.

"मोडला होता ना?" मी म्हटलं.

"मंगळवारी मोडला. शनिवार आला की नाही?" तो खाली उतरला. "त्या दिवशी दार लावून इथेच तवा काढला होता. वर बघितलं, तीन पिसं शिल्लक. तवा परत ठेवला." पीस त्याने खिशात घातलं. "पिसं उपटून ती दरवर्षी हेच सांगत होती. मला वाटायचं, खिजवतेय."

पुढचे दिवस त्याने मसुरावर काढले. कडेचे तुकडे मांजरांना गेले.

ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी, चर्चमधून आल्यावर, उपास सोडायला त्याने मला जेवायला बोलावलं. मासा, पालक, कांद्याच्या सालींत रंगवलेली अंडी. ताटं तीन होती. तिसऱ्या ताटाशेजारी त्याने सातवं पीस ठेवलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाला, "एक दिवस कमी पडला, हायगानुश. पुढच्या वर्षी बघ."