ओठाला लावलेला कापूस

तार इंग्रजीत होती. अमरावतीच्या वसतिगृहात रेक्टरबाईंनी ती माझ्या हातात दिली आणि मी वाचेपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या. तुळशीराम गेले, ताबडतोब निघ... एवढंच. मोताळ्याच्या आमच्या घरात इंग्रजी येणारी मी एकटीच. घरात आलेला इंग्रजी कागद माझ्याकडे यायचा आणि त्यात काय आहे ते मी सगळ्यांना सांगायची. या वेळी सांगायला समोर घरातलं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि त्यांची खाट धुऊन भिंतीला उभी करून ठेवली होती.

तुळशीराम म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, माझे मोठेबाबा. आई लवकर गेली, वडिलांची नोकरी बदलीची, म्हणून मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढले आणि मॅट्रिक झाल्यावर मोठेबाबा आणि मोठीआईकडे आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी ‘मला’ म्हटलं की शेजारच्या मुली हसायच्या, आणि ‘मले’ म्हणून पाहिलं की आणखी हसायच्या. मग मी बोलणंच कमी केलं. मोठेबाबांनी मला कधी ‘बोल’ म्हटलं नाही. संध्याकाळी जिनमधून आले की ते ओसरीवर चहा घेत बसायचे, मी पुस्तक घेऊन बसायची. तासभर दोघं गप्प. त्या घरात एवढी मोकळी मी दुसऱ्या कुठल्याच वेळी नसायची.

जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाचे पारखी होते. हंगामात फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसानं भरलेल्या बैलबंड्या उभ्या असायच्या. मोठेबाबा कापसात खांद्यापर्यंत हात घालून तळातला बोळा उपसायचे, धागा ओढून बघायचे आणि शेवटी तो बोळा खालच्या ओठाला टेकवायचे. वजन वाढावं म्हणून कुणी पाणी शिंपडून आणलं असेल तर राबून राठ झालेल्या हातांना ते कळत नाही, ओठाला कळतं, असं ते म्हणायचे. एकदा मी डबा घेऊन गेले होते तेव्हा बंडीवरचा एक शेतकरी ओरडला, “भाऊ, किती मुके घेता कापसाचे? वहिनीले सांगू काय?” मोठेबाबा वळलेसुद्धा नाहीत. “सांग न बे! तिले माहीत हाय तिची सवत कोन हाय ते.” सगळी रांग हसली. मीही हसले, फाटकाआड उभी राहून.

गेल्या वर्षी दसऱ्याआधी त्यांनी एक हलती दाढ काढून घेतली. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी चहा त्यांच्या हनुवटीवरून ओघळला, धोतरावर पडला, आणि ते तसेच पीत राहिले. मी बघत होते. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं.

“काय पाह्यतं, पोरी?”

“चहा...” मी म्हटलं.

त्यांनी हनुवटी पुसली. मग तिथल्याच कातडीला चिमटा घेऊन दाखवला. “इथून इथलोक काहीच समजत नाही मले. दाढ काढली तवापासून. जाईन ते आपोआप.”

“डॉक्टरांना दाखवायचं का?”

“हंगामात कुठी जातं डॉक्टरकडे! अन् तुह्या मोठ्याईले सांगू नको, ते साऱ्या गल्लीले सांगते. तू बोलत नाही, म्हनून तुले सांगतलं.”

मला अभिमान वाटला. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अभिमानच वाटला होता. नंतर कितीतरी गोष्टी दिसत गेल्या. जेवताना भाताची शितं ओठावर राहायची. दाढी करताना हनुवटीला कापायचं आणि रक्त सदऱ्यावर आलं की मगच त्यांना कळायचं. सैल झालेल्या धोतराची गाठ दर आठवड्याला जरा आत सरकायची. दर वेळी ते माझ्याकडे बघायचे आणि मी पुस्तकाकडे.

मार्गशीर्षात एका व्यापाऱ्याच्या बंड्या त्यांनी कोरड्या म्हणून घेतल्या. चार-पाच दिवसांनी जिनच्या आवारातली कापसाची गंजी तापली. हात घातला तर आतून वाफ, कापूस पिवळा पडलेला. पेट घेईल या भीतीनं हमालांनी दिवसभर ती गंजी फोडली. जिनच्या मालकांनी, शेठजींनी, सगळ्यांदेखत विचारलं, “तुळशीरामजी, ओठाले लावून पाह्यला होता न?”

“पाह्यला होता.”

“मंग?”

“मले कोरडा वाटला.”

मागून कुणीतरी लाचेचा टोमणा मारला, “कापूसही ओला, अन् पारख्याचा हातही ओला!” मोठेबाबांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला आणि ते घरी आले. त्यानंतर ते जिनमध्ये गेले नाहीत. मोठीआईनं काय झालं विचारलं तर म्हणाले, “पारख गेली माही.” ओठाचं ते कुणालाच बोलले नाहीत. मला वाटतं, ओठाला काही कळत नाही हे ठाऊक असूनही आपण बंडीपाशी उभे राहिलो, ही त्यांच्या मते त्यांचीच चूक होती, आणि तिच्यासाठी सबब सांगणं त्यांच्यात बसत नव्हतं. मी सांगू शकत होते. मी तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. थापत राहिले.

पौषात त्यांची पाठ इतकी दुखायला लागली की खाटेवरून उठवेना. आम्ही दोघी त्यांना अकोल्याला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पडद्याआड तपासलं, हाडांचे फोटो काढले, आणि मला इंग्रजी येतं हे कळल्यावर मला एकटीला बाजूला बोलावलं. मूत्राशयाखाली पुरुषांना एक ग्रंथी असते, कर्करोग तिथला आहे. लघवीचा त्रास कधीच झाला नाही म्हणून कळलं नाही. तो हाडांत पसरलाय, कण्यात आणि जबड्यातसुद्धा. जबड्यातून ओठाकडे जाणारी शीर दाबली गेली म्हणून हनुवटी बधिर झाली. सुरुवात अशी होणं क्वचितच, म्हणाले. गोळ्यांनी काही महिने आराम पडेल. रुग्णाला यातलं काही सांगू नका.

परतीच्या पॅसेंजरमध्ये शेगाव आलं तेव्हा मोठीआईनं खिडकीतून हात जोडले. तिचे डोळे मिटलेले असतानाच मोठेबाबांनी हळूच विचारलं, “डॉक्टर इंग्रजीत काय म्हने?”

“हाडं अशक्त झालीत म्हणाले.”

ते माझ्याकडे बघत राहिले... मग खिडकीबाहेर. मोठीआईला मी घरी आल्यावर दुखण्याचं नाव सांगितलं. कुठं आहे आणि कुठून सुरू झालं, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

गोळ्यांनी उन्हाळा निघाला. जूनमध्ये मी कॉलेजसाठी अमरावतीला निघाले, त्या सकाळी त्यांनी मला खाटेजवळ बोलावलं. “डॉक्टर तेवढा वेळ बोलला अन् तू चारच शब्द सांगतले. आता एक सांग. हे ओठाचं, दाढेच्या पायी नोतं न?”

“नाही. दुखण्यापायी. ते आधीपासूनच होतं.”

त्यांनी खालच्या ओठावरून बोट फिरवलं. “म्हंजे पारख नोती गेली,” ते शेवटी म्हणाले. मग, “जिनमध्ये सांगशीन?”

मी हो म्हणून मान हलवली. पण बस लागली होती. आणि खरं तर, पुरुषांनी भरलेल्या त्या आवारात उभं राहून हे बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं. पोळा झाल्यावर ते गेले. तोवर मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

दसऱ्याला जिन सुरू झाली, तेव्हा मी गेले. नवा पारखी बंडीवर होता. शेठजी उठून उभे राहिले, “ये बाई” म्हणाले. मी सगळं सांगितलं... ग्रंथीचं, जबड्याचं, ओठाचं. मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज मोठा निघाला. हमाल थांबले. शेठजींनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“मले काऊन नाही सांगतलं त्यानं? तीस साल सोबत होतो आमी. कोनालेच माहीत नोतं?”

“मला होतं,” मी म्हटलं. “दिवाळीपासून.”

त्यांनी टोपी उचलून परत डोक्यावर घातली. मी निघाले आणि रस्त्यावर आल्यावर सुचलं की ही गोष्ट माझ्याआधी घरी पोचेल. मोठीआईला ती दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होती. मी भर बाजारातून धावत घरी गेले.

ती ताटं घासत होती. मी दारातच उभी राहून, धापा टाकत सांगितलं, की मोठेबाबांना ओठावर काही कळत नव्हतं, जेवण सांडायचं ते त्यामुळे, आणि मला ते माहीत होतं. ती रागवेल असं वाटलं होतं. तिचे राखेनं भरलेले हात तसेच थांबले.

“मलेही दिसे, बाई,” ती म्हणाली. “अर्धं जेवन खाली सांडे, अन् दिवसेंदिवस वायत, सुकत चालले होते. मले वाटे, आता माह्या हातचं त्याईले गोड लागत नाही. म्हनून मी इचारलं नाही.”