दारुमाला हात लावू नकोस

"अरे, तिला दारुमाला हात लावू देऊ नका. पूजेचा आहे तो."

वाक्य मराठीत होतं. जागा टोकियोशेजारच्या उरायासुतलं प्रचार कार्यालय. वेळ, निवडणुकीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. खोली माणसांनी भरलेली. त्यातली निम्मी जपानी. त्यांना काही कळलं नाही, ती हसत उभी होती. ज्यांना कळलं ती आपली मराठी माणसं. ती मोबाइलमध्ये बघायला लागली.

दारुमा माझ्या हातात होता. कागदाच्या लगद्याचा लाल, गोल बाहुला. एक डोळा रंगवलेला, दुसरा कोरा. इथली रीत अशी की उमेदवार उभा राहताना एक डोळा रंगवतो आणि निवडून आल्यावर दुसरा. ही रीत उमेदवाराच्या घराला मीच सांगितली होती. बाहुला मीच देवळाच्या बाजारातून आणला होता, ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन. आठवडाभर त्याच्यावरची धूळ मीच पुसत होते.

निवडून आल्या होत्या मेघनाताई. उरायासुच्या नगरपरिषदेवर. त्यांच्या सासूबाई सुनेच्या निवडणुकीसाठी मुद्दाम पुण्याहून आल्या होत्या. सगळे त्यांना आजी म्हणायचे. आजींनी टेबलावर पाट मांडला होता, तांदूळ, नारळ, हळदकुंकू. दारुमाची पूजा करायची आणि मग डोळा. मी बाहुला पाटावर ठेवायला पुढे झाले, तेव्हा त्यांनी कौतुकाने विचारलं, "तुझं आडनाव काय गं? इतके दिवस बघतेय, सगळे नुसतं नावानेच हाक मारतात."

मी सांगितलं.

आडनाव मी इथे लिहीत नाही. लपवायचं म्हणून नाही. तुम्ही मनातल्या मनात एक लिहिलंच असेल. तेच असेल.

मग आजींचं ते वाक्य आलं. मेघनाताईंच्या नवऱ्याने बाहुला माझ्या हातातून काढून घेतला. वरून धरून, माझी बोटं लागणार नाहीत असा. मी मेघनाताईंकडे बघितलं. त्या काहीतरी बोलतील असं मला खरंच वाटलं होतं. त्या बोलल्या. "तू जरा बाहेर थांबतेस का? लोक येतायत, त्यांना आत पाठव. प्लीज हं."

मी बाहेर गेले. काचेच्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. आजींनी ओलं फडकं घेतलं आणि दारुमा पुसला. जिथे माझे हात लागले होते तिथे पुसला. लगद्याचा बाहुला तो, त्याचा लाल रंग फडक्याला लागला. मग त्यांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं.

दारुमा म्हणजे बोधिधर्म. बौद्ध भिक्खू. माझ्या आज्याने ज्या धम्माची दीक्षा घेतली त्या धम्माचा माणूस. त्याला कुंकू फासलं आणि त्याला माझा विटाळ झाला. हसावं की दार फोडावं, मला कळेना. अंगाचा नुसता जाळ झाला होता.

आता थोडं मागचं सांगते.

मी परभणीची. बाबा वीज मंडळात वायरमन. मी पुण्याला जपानी शिकले, एका सॉफ्टवेअर कंपनीत दुभाषी म्हणून लागले आणि टोकियोला आले. लग्न, लेक, सगळं इथलं. पुढे इथलं नागरिकत्व घेतलं. पासपोर्ट परत करताना रडले, पण परत केला. लेक इथेच वाढणार होती आणि मला तिच्या शाळेबद्दल, बागेबद्दल, दवाखान्याबद्दल मत द्यायचं होतं.

मेघनाताई पंधरा वर्षं इथे आहेत. नवरा मोठ्या ट्रेडिंग कंपनीत. त्यांनीही नागरिकत्व घेतलेलं. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली. "मी उभी राहतेय," त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखं जपानी माझं नाही. तू असशील तर आपण काढू ही सीट." आपण म्हणाल्या. मला त्या शब्दाची भूल पडली, काय सांगू.

माझं आडनाव त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी त्यावर कधी काही विचारलं नाही. मला तो त्यांचा मोठेपणा वाटला. इथे जपानात कुणालाही आडनावाने हाक मारतात, पुढे सान लावतात. कार्यालयात सगळ्यांची ओळख तशीच व्हायची, सातो-सान, कुलकर्णी-सान, जोशी-सान. माझी ओळख मात्र त्या नुसत्या पहिल्या नावाने करून द्यायच्या. मला वाटायचं, जवळची आहे म्हणून. लाडाने. इतकी मी बावळट.

भारताचा पासपोर्ट असलेल्यांना इथे मत नाही. म्हणजे टोकियोतल्या निशी-कसाईची, ओजिमाची आपली सगळी मंडळी आली, फोटो काढले, सामोसे दिले, पण मत द्यायचं होतं उरायासुतल्या जपानी माणसांनी. त्यांच्याशी जपानीत बोलणार कोण? मी.

प्रचाराचा आठवडा मी भोंग्याच्या गाडीत काढला. इथे गाडीतून उमेदवाराचं नाव पुकारणाऱ्या बाईला एका गाणाऱ्या पक्ष्याचं नाव आहे, उगुइसु. हातात पांढरे मोजे घालायचे, खिडकीतून हात हलवायचा आणि गोड आवाजात उमेदवाराचं आडनाव पुन्हा पुन्हा घ्यायचं. मेघनाताईंचं आडनाव. घसा बसला, मध घालून कोमट पाणी प्यायले, पुन्हा पुकारलं. म्हातारी माणसं बाल्कनीतून हात हलवायची. माझा हात त्या मोज्यात होता तोवर सगळ्यांना चालत होता.

भाषणंही मीच लिहायची. पहिलं भाषण पडलं. सगळं बरोबर होतं, पण कुणी थांबेना. त्या संध्याकाळी मेघनाताई म्हणाल्या, "काहीतरी पर्सनल हवं गं. लोकांना टच होणारं." तेव्हा मी त्यांना माझी घराची गोष्ट सांगितली.

मी एकटी होते, नवी होते. उरायासुत घर बघितलं. लहानसं, खिडकीतून कालवा दिसणारं. एजंटने माझ्यासमोरच मालकाला फोन लावला. पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. परदेशी का, मग नको, घाण करतात, वास येतो. एजंट फोन ठेवून कमरेत वाकला, माफी मागितली. मी त्याला म्हटलं, काही हरकत नाही. रस्त्यावर येऊन कालव्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. हरकत होती. मला वासाबद्दलचं ते बोलणं आधी ऐकल्यासारखं वाटत होतं. परभणीत, शाळेत, पाण्याच्या टाकीपाशी.

दुसऱ्या दिवशी स्टेशनसमोर मेघनाताईंनी ती गोष्ट सांगितली. "मला घर नाकारलं," म्हणाल्या. मला आधी विचारलंही नव्हतं. मी गाडीत बसून ऐकत होते. ज्या बाईला नवऱ्याच्या कंपनीने पहिल्या दिवसापासून घर दिलं, ती माझ्या कालव्यापाशी उभी राहून रडत होती. लोक थांबले. एका जपानी आजीबाईंनी डोळे पुसले. खाली उतरून मेघनाताईंनी माझा हात दाबला. "चाललं ना गं? आपलं एकच आहे." मी मान हलवली. सगळ्या परदेशी माणसांची गोष्ट आहे, असं स्वतःला समजावलं. तीच गोष्ट मग आठवडाभर प्रत्येक चौकात झाली.

रविवारी लेकीच्या शाळेच्या जिममध्ये मतदान. इथे मतपत्रिकेवर शिक्का नसतो मारायचा. कागद कोरा असतो. पेन्सिल ठेवलेली असते. मतदाराने स्वतःच्या हाताने उमेदवाराचं नाव लिहायचं. मी नीट अक्षरात मेघनाताईंचं आडनाव लिहिलं आणि पेटीत टाकलं. आयुष्यातलं माझं इथलं पहिलं मत. इथे एकाच यादीतून बरेच जण निवडले जातात. त्या निवडून आल्या, खालच्या नंबरांत, थोडक्यात. पण आल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराबाहेर उभी होते.

सातो-सान बाहेर आले. प्रचाराची सगळी व्यवस्था बघणारे, गल्लीतल्या रहिवासी संघाचे म्हातारे अध्यक्ष. "तुम्ही इथे का? डोळा रंगवायचाय. या आत."

मी म्हटलं, "मला आत नको म्हणालेत."

"का?"

का, हे जपानीत कसं सांगायचं? शब्द सगळे येतात मला. पण माझ्या तोंडून ते निघेनात. ते आतल्या माणसांच्या तोंडून निघायला हवे होते. मी फक्त म्हटलं, "चला." आणि आत गेले.

आम्ही दारात बोलत होतो तेवढ्यात डोळा रंगवून झाला होता. टाळ्या, बान्झाईचा जयघोष, फोटो. स्थानिक वर्तमानपत्राची एक तरुण वार्ताहर मेघनाताईंपुढे उभी होती. त्या तिला घराची गोष्ट सांगत होत्या. भाषण पाठ होतं, पण तिने मधेच विचारलं, "ते घर नेमकं कुठे होतं? एजंट काय म्हणाला? तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" मेघनाताई अडकल्या. त्यांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. हसून, भुवया उंचावून. सांग ना गं.

दारुमाला हात नाही लावायचा. पण गोष्ट मी पुरवायची.

मी जपानीत म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आठवडाभर भोंग्यावर तयार झालेल्या आवाजात. "ते घर मला नाकारलं होतं. मेघना-सानना नाही." आणि मग मी माझं आडनाव सांगितलं. एकदा नाही, दोनदा. स्पष्ट. वार्ताहराने ते लिहून घेतलं आणि बरोबर लिहिलंय का म्हणून मला दाखवलं. बरोबर होतं.

मेघनाताईंचा चेहरा पांढरा पडला. त्या मराठीत म्हणाल्या, "इथे नको. प्लीज. आपल्यातलं आपल्यात ठेवू."

"कुठलं आपल्यात?" मी विचारलं. "मी तर आत्ता बाहेर होते."

"अगं आजी जुन्या विचारांच्या आहेत. त्यांचं काय मनावर घेतेस?"

"आजींनी तोंडाने सांगितलं. तुम्ही मला आडनावाशिवाय फिरवलंत. बाहुला पुसला तेव्हा तुम्ही शेजारी होतात."

आजी म्हणाल्या, "आजच्या दिवशी हा अपशकुन कशाला?" मी खिशातून ते पांढरे हातमोजे काढले. पाटावर, दारुमाच्या पुढ्यात ठेवले. "हे पुसून घ्या," म्हटलं. आणि निघाले. सातो-सान काय चाललंय ते न कळून दारापर्यंत मागे आले आणि कमरेत वाकले. मला त्यांच्या वाकण्याचं काही वाटलं नाही. वाकण्याने आजवर मला कुठलंही दार उघडून मिळालेलं नाही.

घरी लेकीने विचारलं, "मामा, दारुमाचं दुसरं डोळं पाहिलंस?" मराठी तिचं असंच आहे, आईला मामा म्हणते, जपानी मुलांसारखी. नाही म्हटलं. "नान्दे?" तिने विचारलं. का? तिला मी खरं सांगितलं. सोप्या शब्दांत, पण सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पण शाळेत सेन्सेई रोज मला आडनावानेच बोलवतात. कोणी काही म्हणत नाही." म्हणत नाहीत, खरं आहे. तिच्या बुटावर, डब्यावर, पावसाळी टोपीवर ते लिहिलेलं आहे. ती ते मिरवत शाळेत जाते. तिच्याकडून कुणी ते काढून घेणार असेल तर त्याने आधी मला ओलांडायचं.

पुढे काय झालं तेही सांगते. बातमी आली, चार ओळींची, मेघनाताईंच्या विजयाची. घराची गोष्ट त्यात नव्हती, मीही नव्हते. मला मराठी मंडळींच्या ग्रुपमधून काढलं. किराणाच्या दुकानात जोशीबाई भेटल्या. म्हणाल्या, "जातपात इथे कोण मानतं? तूच कुठून कुठे नेलंस." मी म्हटलं, "कोण मानतं ते मी पाहिलंय. तुम्हीही तिथेच होतात, मोबाइलमध्ये." त्या डाळीची पिशवी घेऊन निघून गेल्या. मेघनाताईंचा एक मेसेज आला, "माणूस म्हणून तुझ्याबद्दल आदरच आहे." उत्तर दिलं नाही. त्या नगरपरिषदेत समानतेवर बोलतात. बोलू देत. मी पाहुण्यांच्या गॅलरीत जाऊन बसते, पहिल्या रांगेत, त्यांना दिसेल अशी.

पुढची निवडणूक चार वर्षांनी आहे. रस्त्यारस्त्यावर उमेदवारांची पोस्टरं लावायचे लाकडी फलक पुन्हा उभे राहतील, चौकोनांत आकडे घातलेले. त्यातल्या एका चौकोनात माझा चेहरा असेल. खाली पहिलं नाव लहान अक्षरात आणि आडनाव मोठ्या. गाडी माझी असेल, भोंगा माझा, घराची गोष्ट माझी. कालव्याची सांगेन आणि परभणीच्या पाण्याच्या टाकीचीही सांगेन. आणि दारुमाचीही. हरले तर त्याच्या पुढच्या वेळी उभी राहीन.

कारण इथे शिक्का मारून चालत नाही. लिहावं लागतं. जे आडनाव ऐकून माझ्या हातातून बाहुला काढून घेतला, ते या शहरातल्या माणसांना आपापल्या हाताने, पेन्सिलीने, एकेक अक्षर करून लिहावं लागेल. मी ते लिहायला लावणार आहे.