हिरवा ठिपका

नारीन शहराकडच्या एका शाळेत नर्स उल्कान एजे, म्हणजे उल्कानताई, बावीस वर्षं एकच विद्या मिरवत होती: खोटं दुखणं ओळखण्याची. परीक्षेदिवशी पोट धरून आलेल्या पोराच्या कपाळावर ती जखमेच्या हिरव्या औषधाचा ठिपका लावी आणि त्याला वर्गात हाकलून देई. मास्तरांसकट सगळे फिदीफिदी हसत. तो रंग आठवडाभर जात नसे.

गणिताच्या पेपराला आयचुरेक नावाची मुलगी वाकत वाकत आली. "एजे, खरंच दुखतंय हो."

"नाटकी कुठली! चल, पळ!"

घरी ठिपका पाहून आईनेही दोन थोबाडीत दिल्या. तिसऱ्या दिवशी अपेंडिक्स फुटून पोर गेली.

प्रेताला आंघोळ घालताना बायकांनी कपाळ घासघासून पाहिलं. शेवटी आईने एजेला बोलावलं आणि ओलं फडकं तिच्या हातात कोंबलं.

"तुम्हीच लावलात ना? आता तुम्हीच पुसा."