गोदामाच्या काट्यावर

“साडीचं बारदान वजा करा रे!”

धाकटे भावजी गल्ल्यावरून ओरडले आणि सगळं दुकान हसलं. पोती तोलायच्या काट्यावर मी उभी होते. चपला काढून, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. बारदान म्हणजे रिकामं पोतं. माल तोलला की त्याचं वजन वजा करतात. गिऱ्हाइकं हसली. हमाल हसले. मालक हसले की त्यांना हसावंच लागतं. आणि मला तिथं घेऊन आलेला माझा नवरा, तोही हसला.

मी खाली मान घालून उतरले. मान खाली घातली, त्याची लाज मला अजून वाटते.

दोन हजार साल नुकतंच उलटलंय. वजन कमी करायचं ऑपरेशन हुबळीत अजून नवीनच आहे. माझी साखर वाढलेली, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा. ऑपरेशन मलाच हवं होतं. मला जगायचं होतं. पण विद्यानगरातल्या त्या दवाखान्याचा काटा माझ्या वजनाला पुरला नाही. डॉक्टर म्हणाले, “बाहेर मोठा काटा असेल तर वजन करून आणा.”

नवरा खूश. “आमच्या घरचाच आहे की हो!”

माझं माहेर अळणावरकडचं, शेतकऱ्याचं. सासर बाजारातलं, धान्याच्या व्यापारातलं. सासरी अन्न टाकायचं नाही. सगळ्यांची जेवणं झाली की पातेल्यात उरेल ते सुनेनं संपवायचं. भूक असो नसो. वर्षानुवर्षं मी ते निमूट संपवलं. मग वाढलेल्या त्या अंगाला तीच माणसं हसली.

पुढं तपासण्या सुरू झाल्या. रक्त काढलं, छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली. घशातून नळी घालून पोट बघितलं, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. नळीत फुंकर मारायला लावून श्वास तपासला. प्रत्येक खोलीत विचारायचे मला आणि सांगायचा नवरा. रात्री घोरते. गोड खाते. ऐकत नाही. जनावरांच्या बाजारात मालक सांगतो तसं.

मनाच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र त्याला बाहेर बसवलं. कन्नडमध्ये विचारलं, ऑपरेशन कशासाठी करता? मी म्हणाले, घरचे म्हणतात म्हणून. बाईंनी मान हलवली, घड्याळ बघितलं, पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर आल्यावर माझाच मला राग आला. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोलले.

मग यकृत लहान व्हावं म्हणून नुसतं पातळ खाणं. ताक, सूप, डाळीचं पाणी. घरात सगळ्यांसाठी भाकऱ्या मीच थापत होते. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर म्हणाले, वजन किती उतरलं बघू, परत करून आणा.

नवऱ्यानं स्कूटरला किक मारली. “चल, दुकानाकडनं जाऊन येऊ.”

“मी येत नाही.”

“अगं, दोन मिनिटांचं काम! हसले तर हसले. घरचीच माणसं न्हवं?”

मी वळले. तशीच आत गेले, डॉक्टरांच्या खोलीत, न विचारता. कन्नडमध्ये म्हणाले, “नानु चीला अल्लरी.” मी पोतं नाही. मग मराठीतच तोंड सुटलं. “ऑपरेशन जाड माणसांचं करता आणि काटा बारीक माणसांचा ठेवता? काटा आणा, मग बोलवा.”

डॉक्टरांना मराठी कळत होतं. ते म्हणाले, “एवढ्याशा गोष्टीसाठी तारीख घालवता?”

“घालवते.”

तारीख गेली. पातळ खाऊन काढलेले दिवस वाया गेले. नवरा बाहेर सगळ्यांदेखत म्हणाला, “मर मग अशीच.” मी त्याच्याकडे बघत राहिले. मान खाली घातली नाही. त्यालाच नजर फिरवावी लागली.

साखर अजून वाढलेलीच आहे. भीती वाटते, नाही असं नाही. पण ऑपरेशन मी करून घेणार. दुसरा दवाखाना शोधेन, धारवाडला, बेळगावला, कुठंही. तपासणीला एकटी जाईन. मला काय होतंय ते माझ्या तोंडानं सांगेन. कशासाठी करता विचारलं, तर सांगेन: मला जगायचंय. आणि कुणी हसलं, तर उठून त्याच्यासमोर उभी राहीन आणि का हसलास ते त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय हलणार नाही.